वाळवंटात ओल शोधायला जा

डिचोलीहून एका मुलीने विचारलं आहे. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि तिला राजस्थानात बिकानेरला त्वचेच्या लीशमॅनियासिसवर, म्हणजे परजीवीमुळे त्वचेवर लवकर न भरणारे फोड येणाऱ्या रोगावर, सहा महिन्यांचं प्रकल्पाचं काम मिळतंय. घरचे म्हणतात, इथे डेंग्यू-हिवताप असताना उन्हात करपायला तिकडे कशाला? तिची स्वतःची शंका वेगळी आहे. जिथे पाणीच नाही तिथे परजीवींचा रोग टिकतो कसा, आणि जो रोग गोव्यात नाही तो शिकून गोव्यात करायचं काय?

अगं बाय, उत्तर आधीच देते: जा. का ते आता सविस्तर सांगते, कारण हीच शंका घेऊन मीही गेले होते. मी फोंड्याची. चिऱ्याच्या घरात वाढले, परसात विहीर, पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी. रोगकीटकांवर काम करायचं म्हणजे पाण्यात डिपर, लांब दांड्याची पळी, बुडवायचा, डासांच्या अळ्या मोजायच्या, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. थारमध्ये उतरले तेव्हा पहिले चार दिवस डिपर पिशवीतून बाहेरही काढला नाही. बुडवणार कुठे?

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. थारमध्ये शंभर ते चारशे, जैसलमेरकडे दोनशेच्याही खाली. पण माणूस तिथे शेकडो वर्षं राहतो आहे, म्हणजे त्याने कुठे ना कुठे पाणी धरून ठेवलं आहे, सावली केली आहे, जनावरं बांधली आहेत. वाळवंटातला परजीवी नेमका तिथेच असतो. गोव्यात ओल सगळीकडे, त्यामुळे रोग कोणत्या ओलीतून येतो हे ओळखताना डोकं चक्रावतं. वाळवंटात ओलीच्या जागा बोटांवर मोजता येतात. कारण आणि परिणाम तिथे जितके सुटे दिसतात तितके मला दुसरीकडे कुठेच दिसले नाहीत. संशोधन शिकणाऱ्या मुलीला यापेक्षा चांगली शाळा मिळायची नाही.

नारूचंच बघ. तुझ्या आजीला विचार, तिने नाव तरी ऐकलं असेल. पायातून पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर येतो, हातभर लांब, कधी मीटरभरही. लोक तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर ओढायचे. महाराष्ट्रातही नारू होता. राजस्थानात तो बावड्यांतून, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींतून पसरायचा. आग शमवायला रोगी पाय पाण्यात बुडवतो, मादी तिथे पिल्लं सोडते, ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या पोटात जातात आणि तेच पाणी कुणीतरी पितं. वर्षभराने त्याच्या पायाला फोड. लस नाही, औषध नाही. तरीही १९८४ मध्ये देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण असलेला हा रोग १९९६ च्या जुलैत जोधपूर जिल्ह्यातल्या शेवटच्या रुग्णावर थांबला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. पायऱ्या बुजवून विहिरी वरून पाणी शेंदायच्या केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळायला शिकवलं, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं आणि गावोगाव घराघरात रुग्ण शोधले. पाण्याच्या जागांची यादी करता येत होती म्हणून हे जमलं. ही यादी करणं हेसुद्धा संशोधनच आहे. प्रयोगशाळेत बसणाऱ्यांना ते कधी कधी कमी प्रतीचं वाटतं, मला कधीच वाटलं नाही.

आता तुझ्या रोगाकडे येते. यात पाणी लागतच नाही, म्हणून तुझी शंका खरी इथे येऊन अडते.

परजीवी लीशमॅनिया ट्रॉपिका. त्याला नेणारी सँडफ्लाय, मराठीत वाळूमाशी. बिकानेरकडे मुख्यतः फ्लेबोटोमस सर्जेंटाय ही जात. वाळूमाशी या नावाने फसू नकोस. ती वाळूच्या रंगाची असते, वाळूत वाढत नाही. दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभारून बसणारी, आवाज न करता टुणटुण उड्या मारत सरकणारी. आपल्या नागपूरकडच्या चांदीपुरा गावाच्या नावाचा ताप तू बातम्यांत वाचला असशील. तो विषाणूही वाळूमाशीच नेते. तिची अळी डबक्यात राहत नाही. तिला लागते अंधारी, किंचित दमट आणि कुजक्या सेंद्रिय पदार्थांची माती: भिंतीची भेग, गोठ्याचा कोपरा, उंदराचं बीळ, जुन्या हवेलीच्या दगडांमधली फट. बाहेर ४६ अंश असताना जाड भिंतीच्या फटीत हात घालून बघ, गारवा लागेल. तापमान आणि आर्द्रता मोजायची छोटी यंत्रं त्या फटींत ठेवून आठवडाभराचे आकडे काढ. तुझ्या प्रबंधात दुसरं काही नसलं तरी हे असायलाच हवं. तुझ्या शंकेचं उत्तर त्या आकड्यांत आहे.

वाळवंटात रोग का टिकतो हे समजायला बिळांनी केवढी मदत केली ते सांगते. मध्य आशियातल्या वाळवंटांत लीशमॅनियाचा दुसरा भाऊ, लीशमॅनिया मेजर, जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदरांत राहतो. १९४० च्या सुमारास तुर्कमेनिस्तानात काम करणाऱ्या सोव्हिएत संशोधकांनी बिळं उकरून दाखवलं की उंदीर, माशी आणि परजीवी तिघंही त्या एका थंड, दमट भुयारात नांदतात. माणूस तिथे वस्ती करायला गेला की त्याला फोड येतो. ट्रॉपिकाचं तसं नाही. तो मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो, म्हणून शहरात राहतो, दाट गल्ल्यांत, एकमेकांना टेकलेल्या घरांत. बिकानेरच्या जुन्या वस्तीत एका घरात तिघांना फोड दिसला तर नवल वाटून घेऊ नकोस. मात्र उंदीर, कुत्री यांचा प्रश्न आधीच निकालात काढू नकोस. नमुने घेता आले तर घे.

एक जुना प्रयोग मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. अल्जीरियात सहाराच्या काठावर बिस्क्रा नावाचं शहर आहे. तिथे हा फोड इतका सर्रास की त्याला शहराचंच नाव पडलं होतं. किनाऱ्यावरच्या अल्जीयर्समध्ये तो नव्हता. १९२१ साली सर्जां बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्क्राच्या वाळूमाश्या अल्जीयर्सला नेल्या, चिरडून तिथल्या माणसाच्या खरवडलेल्या त्वचेवर लावल्या आणि फोड उठवून दाखवला. जिथे रोग नाही तिथेच प्रयोग केला, म्हणून कुणाला शंका घ्यायला जागा उरली नाही. माणसांवर असं करायला आज कुणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण त्यामागचा विचार घे. रोगाची हद्द स्पष्ट असली की पुरावा भक्कम होतो, आणि वाळवंटात ती हद्द स्पष्ट असते. तुझ्या माशीच्या नावातला सर्जेंटाय त्यांच्याच आडनावावरून आला आहे.

या परजीवीची ओळख पटवण्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १८८५ साली कलकत्त्यात कनिंगहॅम यांनी दिल्ली फोडाच्या तुकड्यात काही चमत्कारिक कण पाहिले. दिल्ली फोड, अलेप्पो फोड, बगदाद फोड ही सगळी याच रोगाची नावं. १९०३ मध्ये लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी काळ्या आजारात, म्हणजे लीशमॅनियाच्याच शरीराच्या आतल्या रोगात, तसेच कण दाखवले. तू सूक्ष्मदर्शकाखाली जे शोधशील त्याला म्हणूनच एल.डी. बॉडी म्हणतात: दोन ते चार मायक्रॉनचा अंडाकृती ठिपका, आत गोल केंद्रक आणि शेजारी काडीसारखा कायनेटोप्लास्ट, म्हणजे डी.एन.ए.चा दुसरा छोटा पुंजका. दोन्ही दिसल्याशिवाय पॉझिटिव्ह लिहायचं नाही. राजस्थानी धुळीचे कण जीम्सा रंगात असे रंगतात की नवशिक्याला प्रत्येक स्लाइड पॉझिटिव्ह वाटते.

स्लाइडबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. फोडाच्या मधोमध खरवडू नकोस, तिथे मेलेल्या पेशी आणि जंतूच मिळतात. कडेचा उंचावलेला भाग स्पिरिटने पूस, दोन बोटांनी चिमटीत धरून रक्त मागे सार, बारीक छेद दे आणि छेदाच्या आतल्या बाजूने खरवड. रक्त आलं की स्लाइड गेली. एका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या तीन स्लाइड माझ्याकडून निगेटिव्ह आल्या. चौथ्यांदा तिथल्या जुन्या तंत्रज्ञांनी माझा हात धरून कडेवर नेला आणि पहिल्याच फील्डमध्ये परजीवी दिसले. त्या मुलीला मी तीनदा विनाकारण दुखवलं होतं. ते अजून लागून राहिलं आहे, म्हणून हे इतकं बारकाईने लिहिते आहे. जुन्या फोडात परजीवी मुळातच थोडे असतात. सहा महिने उलटलेल्या फोडाची निगेटिव्ह स्लाइड म्हणजे रोग नाही असा अर्थ होत नाही. अशा वेळी पी.सी.आर., म्हणजे परजीवीचा डी.एन.ए. शोधणारी चाचणी, कामाला येतं, आणि जात ठरवायलाही तेच लागतं.

पाण्याचंही सांगते. जीम्सा पातळ करायचं पाणी ७.२ च्या आसपास पीएचचं हवं. वाळवंटातलं पाणी अल्कली, त्यात स्लाइड निळीभोर होते. आपल्या जांभ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी किंचित आम्ल, त्यात परजीवी फिके गुलाबी पडतात. दोन्हीकडे बफर करून घे. कल्चरचं, म्हणजे परजीवी प्रयोगशाळेत वाढवण्याचं, तर आणखी नाजूक. एन.एन.एन. माध्यमावर परजीवी २४ ते २६ अंशांत वाढतो. इथे आपण इनक्युबेटर म्हणजे ऊब देणारी पेटी समजतो. मे महिन्यात बिकानेरला ती थंड करणारी पेटी हवी. एका दुपारी सहा तास वीज गेली आणि माझी दोन महिन्यांची कल्चर्स मेली. दुय्यम संच दुसऱ्या इमारतीत ठेवायचा, हे तेव्हापासून पाळते.

माश्या पकडायला प्रकाशाचे सापळे मिळतील, पण एरंडेल लावलेले कागद विसरू नकोस. वहीच्या पानाएवढे कागद तेलात बुडवून संध्याकाळी फटींजवळ लावायचे, सकाळी सुईने माश्या उचलायच्या. स्वस्त, वीज लागत नाही आणि एका रात्रीत पन्नास घरांत लावता येतात. मादीची जात तिच्या शुक्रपिशवीच्या आकारावरून ओळखतात. त्यासाठी आणि आतड्यात परजीवी पाहण्यासाठी तिला दोन सुयांनी सलाइनच्या थेंबात उघडायला शिकावं लागेल. पहिल्या शंभर माश्या वाया जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

घरांत शिरणं हे मात्र कोणत्याही यंत्राने होत नाही. बायका खोलीच्या आतल्या अंगाला असतात, फोड ओढणीच्या आड. हा फोड जिवाला धोका करत नाही. बहुतेकदा वर्षभराने आपोआप बरा होतो. पण वण ठेवून जातो, आणि चेहरा उघडा असतो म्हणून दंश चेहऱ्यावरच जास्त. मुलीच्या नाकाशेजारी फोड आला की आई आधी तिच्या लग्नाचा विचार करते. मग कुणी डाग देतो, कुणी काही जळजळीत लावतो आणि मूळ फोडापेक्षा मोठा वण होतो. तू मुलगी आहेस, ही तिथे तुझी मोठी जमेची बाजू. बस, चहा घे, मारवाडीतले चार शब्द शीक, सुई शेवटी काढ. चेहऱ्याचा फोटो घेण्याआधी तो कुठे छापला जाईल हे आईला नीट समजावून सांग. तिने नको म्हटलं तर नको.

उपचारही बदललेत आणि त्यात बिकानेरच्या त्वचारोग विभागाचं काम मोलाचं आहे. पूर्वी फोडात अँटिमनी या मूलद्रव्याच्या औषधाची इंजेक्शनं पुनःपुन्हा टोचत. हा परजीवी त्वचेच्या गारव्यात वाढणारा, उष्णता त्याला सोसत नाही. म्हणून जागा बधिर करून रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उपकरणाने ५० अंशांवर तीस सेकंद शेक देतात, एकाच बैठकीत. तिथल्या अभ्यासांत हा शेक इंजेक्शनांच्या तोडीस तोड ठरला. ज्या बाईला दर खेपेला मजुरी बुडवून, दोन बस बदलून यावं लागतं, तिच्यासाठी एका बैठकीचा उपचार म्हणजे काय, हे तिथे गेल्यावर तुला कुणी सांगावं लागणार नाही.

आता गोव्याचं. त्यासाठी डासाची गोष्ट सांगावी लागेल.

थारमध्ये अंगणात टांका असतो, जमिनीखालची पक्की टाकी, पावसाचं पाणी साठवायला. बहुधा वीस हजार लिटरच्या आसपास. त्यात वाढणारा डास अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्सी. वाळवंटाच्या आतल्या भागात हिवताप पिढ्यानपिढ्या त्याच्यामुळे धुमसत राहिला. मग पंजाबातल्या हरिकेहून निघालेला इंदिरा गांधी कालवा जैसलमेरपर्यंत पोचला. पाझर, दलदल, भातासारखी तहानलेली पिकं आली आणि त्यांच्या मागोमाग अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा दुसरा डास वाळवंटात शिरला. १९९४ साली धो धो पाऊस झाला आणि पश्चिम राजस्थानात फाल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारच्या हिवतापाची मोठी साथ आली, माणसं मेली. कालवा वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्या पाण्याने लाखो लोकांची घागर डोक्यावरून उतरली. पण पाणी नेताना त्याबरोबर कोणता कीटक जाईल हे बघणारा माणूस आखणीपासून सोबत हवा होता.

गोव्यात परतून मी पणजीत एका इमारतीच्या बांधकामावर गेले. स्लॅबवर क्युरिंगचं, म्हणजे सिमेंट मुरवायचं, पाणी तुंबलेलं, तळमजल्यावर सिमेंटची टाकी, शेजारी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. डिपर बुडवला आणि वर आली ती स्टिफेन्सीची अळी. टांक्यातलीच ती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत हिवताप पसरला तो याच डासामुळे आणि याच प्रकारच्या पाण्यातून: बांधकामं, गच्चीवरच्या टाक्या, वापरात नसलेल्या विहिरी. दूरदूरहून आलेल्या मजुरांच्या रक्तात परजीवी होता आणि आपण त्यांच्या उशाशी डासाची पैदास करून ठेवली होती. गोव्यात मजुरांना आरोग्य कार्ड आणि रक्ततपासणी सक्तीची झाली, टाक्यांत डासअळ्या खाणारे मासे आणि त्या मारणारा बी.टी.आय. हा जिवाणू सोडला गेला, ते या लढ्यातूनच. दोष मजुराच्या रक्ताला देणं सोपं असतं. टांके पाहून आलेली मी स्लॅबवरचं पाणी आधी पाहिलं. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीत सापडला आणि त्याने तिथल्या शहरांत हिवताप नेला, त्यामुळे आता जगभर त्याच्यावर काम चाललं आहे. वाळवंटातल्या टाकीचा अभ्यास कोणत्या किनाऱ्यावर उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही.

आणि गोव्यात लीशमॅनियासिस नाही, हेही पुरतं खरं नाही. आखातात, इराकात, सौदीत आपली किती माणसं आहेत! त्यांच्यापैकी कुणी सुट्टीवर येतो, हातावर चार महिने न भरणारा फोड घेऊन. न दुखणारा, कडेला उंच, वर खपली. इथे त्याला मलमं मिळतात, कधी कुष्ठरोगाची शंका घेतली जाते, कधी त्वचेच्या क्षयाची. एल.डी. बॉडी प्रत्यक्ष पाहिलेला एक जरी माणूस गोव्यात असला तरी त्या रुग्णाचे सहा महिने वाचतात.

आता कामाच्या गोष्टी. सहा महिने कुठले घ्यायचे हे ठरवताना लक्षात ठेव, दंशानंतर फोड दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. उन्हाळा-पावसाळ्यात माश्या मिळतील, रुग्ण पुढे थंडीत. ऑगस्ट ते जानेवारी घेतलेस तर दोन्ही पदरात पडतील. नीतिसमितीची मंजुरी निघण्याआधी सामान बांधून गेलीस तर दोन महिने नुसती बसून राहशील, म्हणून तिची तारीख आधी विचार. मार्गदर्शकाला स्पष्ट विचार की फील्डवर्क किती आणि फक्त पी.सी.आर. किती, नमुने कुरिअरने येणार असतील तर त्यासाठी बिकानेरला जायची गरज नाही. साधी मच्छरदाणी नेऊ नकोस, तिच्या छिद्रांतून वाळूमाशी सहज आत येते; बारीक विणीची, कीटकनाशक लावलेली ने. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे. आईला सांग, खायला बाजरीची भाकरी मिळेल, मासे मिळणार नाहीत, आणि पोर बारीक होऊन येईल पण धडधाकट येईल.

जाण्याआधी एक काम कर. तुझ्या घरी गोठा असेल, नसला तर शेजाऱ्यांचा बघ. तिन्हीसांजेनंतर तासाभराने बॅटरी घेऊन जा आणि भिंतीच्या भेगांपाशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, तिरका उजेड टाकून बघ. पंख उभारून बसलेली केसाळ, टुणकन उडणारी बारीक माशी दिसली तर पकडून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेव, बाटलीवर गाव, तारीख आणि वेळ पेन्सिलीने लिही. रविवारी फोंड्याला घेऊन ये. माझा अ‍ॅस्पिरेटर (माश्या ओढून घ्यायची नळी) आणि सुयांचा जोड तुला देते, आणि पहिली माशी आपण मिळून उघडू.